दोन मजली रावण

मंडळी, सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करते. 'आदिपुरुष' किती वाईट आहे हे सांगायला मी हा लेख लिहिलेला नाही. १६ जून २०२३ ला पिक्चर रिलीज झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या देशाने ते काम उरकून टाकलं होतं. हनुमानाच्या तोंडची भाषा ऐकून लोक इतके भडकले की थोड्याच दिवसांत काही संवाद बदलावे लागले. काठमांडूत हिंदी सिनेमे काही दिवस बंद ठेवले गेले, अलाहाबाद हायकोर्टाने निर्मात्यांना खडे बोल सुनावले. प्रत्येक थिएटरात एक सीट हनुमानासाठी रिकामी ठेवायची अशी घोषणा झाली होती. पुढे पुढे त्या सीटच्या सोबतीला अख्खी रांगच रिकामी राहू लागली, ते सोडा.

मला लिहायचं आहे ते आमच्या होस्टेलमधल्या दोन रात्रींबद्दल. २०२४ चा दसरा शनिवारी आला होता. सबमिशन डोक्यावर असल्यामुळे घरी जाणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्याच मुली जास्त. मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ खिचडी. बाहेर सगळं अमरावती अंबादेवीच्या यात्रेत आणि आम्ही आपल्या जर्नलच्या आकृत्या काढत बसलेलो. शेवटी रेक्टर मॅडमना आमची दया आली आणि त्यांनी मेसच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावायला दोन रात्री परवानगी दिली. अट एकच, पिक्चर 'सणाला शोभेल असा' पाहिजे. म्हणून पहिल्या रात्री 'आदिपुरुष'. शोभण्याची व्याख्या मॅडमनी विचारली नाही, आम्हीही सांगितली नाही!

पहिला अर्धा तास मुली बऱ्यापैकी सिरीयसली बघत होत्या. अजय-अतुलचं गाणं वाजलं तेव्हा दोन-चार जणींनी हातही जोडले. पण लंकेश पडद्यावर आला आणि सगळं संपलं. तो केसांचा कट, ती दाढी, पुष्पक विमानाच्या जागी ते वटवाघळासारखं काहीतरी आणि अंगावर अजगर सोडून घेतलेला मसाज! कॉम्प्युटरवाल्या मुली तर रडेपर्यंत हसल्या. 'गेमचा लास्ट लेव्हलचा बॉस' असं एकीने म्हटलं आणि तेच नाव त्याला रात्रभर पडलं. हसण्यात मीही होते. हसण्यासारखंच होतं ते.

माझी रूममेट मात्र मध्येच उठून पाण्याची बाटली भरायला गेली ती परत आलीच नाही. ती धारणीकडची, मेळघाटातली. झोप आली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

रात्री अकोल्याला आजीला फोन केला. ती उशिरापर्यंत जागी असते. मी तिला लंकेशाचा फोटो पाठवला होता. त्यात दहा डोकी एका ओळीत नाहीत, पाच खाली आणि पाच वर अशी रचलेली आहेत. आजीने तो बराच वेळ बघितला असावा, कारण फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "काहून माय, याचे डोकसे दोन मजली काहून केले? जागा नव्हती का बाजूले?"

मी हसत सुटले. मग आजीने तिचं पुराण सुरू केलं. आता आजीचं रामायण म्हणजे दोन टप्पे आहेत. दुसरा टप्पा मला माहीत आहे, कारण तो मी तिच्या मांडीजवळ बसून पाहिला. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं १९८७ चं रामायण परत दाखवायला घेतलं, तेव्हा आजी रोज नऊच्या आत आंघोळ करून टीव्हीसमोर. अरविंद त्रिवेदींचा रावण आला की ती त्याच्यावर रागवायची, पण नमस्कारही करायची. असं कसं, म्हणून विचारलं तर म्हणायची, "बाम्हन हाये तो, मोठा शिवभक्त हाये. राग येगळा अन् नमस्कार येगळा." पहिला टप्पा मला त्या रात्री फोनवर कळला. जत्रेत तंबूची टॉकीज लागायची, त्यात तिने लहानपणी 'संपूर्ण रामायण' पाहिला होता. खाली सतरंजी, मध्ये कापडाचा पडदा. पडद्यावर राम आला की बाया पैसे टाकायच्या.

"अन् हनुमान उडे तवा वर दोरी दिसे," आजी म्हणाली.

"मग तुम्हाला खोटं नाही वाटायचं?"

"खोटं काहून वाटीन? दोरी त आमालेबी दिसत होती. पन उडत त होता ना तो!"

या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. (सिग्नल्स अँड सिस्टिम्सवर करायला हवा होता.) आणि दुसऱ्या रात्रीचा पिक्चर ठरला.

'संपूर्ण रामायण' १९६१ चा. होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सचा. राम महिपाल, सीता अनिता गुहा, रावण बी. एम. व्यास आणि संगीत आपले वसंत देसाई. दिग्दर्शक बाबुभाई मिस्त्री. हे नाव आमच्या बॅचमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. खरं म्हणजे त्यांचा फोटो प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लावायला हवा. १९३७ मध्ये 'ख्वाब की दुनिया' नावाचा पिक्चर आला. त्यात वस्तू हवेत आपोआप फिरताना दाखवायच्या होत्या. मिस्त्रींनी काळ्या पार्श्वभूमीवर काळा धागा वापरला. काळ्यावर काळं, कॅमेऱ्याला काही दिसेना! तेव्हापासून इंडस्ट्रीत त्यांचं नावच 'काला धागा' पडलं.

त्या काळची दुसरी युक्ती डबल एक्स्पोजरची. फिल्मचा एक भाग झाकायचा, उरलेल्यावर शूटिंग करायचं. मग तीच फिल्म उलटी गुंडाळून पहिल्यापासून परत चालवायची आणि आता झाकलेला भाग उघडून त्यावर दुसरं दृश्य घ्यायचं. यात अन्-डू नाही. एक चूक झाली की सगळी फिल्म वाया. आम्ही व्हायव्हाला एका रेझिस्टरची किंमत चुकली तर घाबरतो आणि ही माणसं अख्खी लंका त्या एका फिल्मवर दोनदा उतरवत होती.

त्याआधीही फाळक्यांनी हेच केलं होतं. दादासाहेब मुळात फोटोग्राफर आणि छापखानावाले, शिवाय जादूगार. आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करायचे. १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच माणसाला दिल्या, अण्णा साळुंके यांना. फाळक्यांनी त्यांना ग्रँट रोडच्या एका हॉटेलातून उचलून आणलं होतं, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' साठी, तारामती म्हणून. बायका कामाला मिळत नव्हत्या ना! आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला अंधारात हाताने भोकं पाडायच्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्याच करायच्या. इंडियन सिनेमाची पहिली टेक्निशियन म्हणून त्यांचं नाव आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

तर अशी ही परंपरा. आणि गंमत बघा, 'आदिपुरुष' चे दिग्दर्शक ओम राऊत मराठीच. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' वाले. स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर! म्हणजे फाळके जर आपले आजोबा असतील तर हे आपले सीनिअर झाले. सीनिअरच्या प्रोजेक्टचं पोस्टमॉर्टेम करायचा ज्युनिअरला हक्क आहे, असं मानून दोन शब्द बोलते.

पहिला शब्द: त्यांनी रामायण बदललं, हा माझ्या मते गुन्हाच नाही. रामायण कोणी बदललं नाही? फाळक्यांनी बदललं, मिस्त्रींनी बदललं, सागरांनी ७८ भाग करून बदललं. वाल्मीकींच्या आणि तुळशीदासांच्या रामायणात फरक आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त तर रामाची आजी इंदुमती ही विदर्भाची राजकन्या आहे. म्हणजे दशरथाचं आजोळ आपल्याकडचं. (हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग! तिखट खानारी असीन.") ज्या गोष्टीला इतकी घरं आहेत तिला एक नवं घर झालं तर बिघडलं कुठे?

दुसरा शब्द: तंत्रज्ञान कमी पडलं हेही मला पटत नाही. मोशन कॅप्चरमध्ये नटाच्या अंगावर खुणा लावलेला सूट असतो. चारी बाजूंचे कॅमेरे त्या खुणांची हालचाल टिपतात. त्यातून कॉम्प्युटरमध्ये सांगाडा हलतो आणि सांगाड्यावर नंतर वानराची कातडी चढते. सेकंदाला चोवीस फ्रेम, जवळपास तीन तासांचा पिक्चर, म्हणजे अडीच लाखांच्या वर फ्रेम. त्यातल्या बहुतेकांवर कुणीतरी कॉम्प्युटरसमोर डोळे फोडून काम केलं असणार. आपल्याच वयाच्या पोरांनी, रात्री जागून. त्यांच्यावर हसायला मला जड जातं.

कमी पडलं ते वेगळंच. 'संपूर्ण रामायण' मध्ये बी. एम. व्यासांचा रावण मुकुट घालून, मिशा वळवून, नाटकी आवाजात बोलतो. सेट बघितला तर पुठ्ठा आहे हे दहावीतलं पोरगं सांगेल. पण मंदोदरी त्याला समजावते तेव्हा तो ऐकून घेतो, चिडतो आणि क्षणभर त्याला काय बोलावं ते सुचत नाही. एवढंच! त्या वेळी मेसमध्ये कुणी हसलं नाही. आदल्या रात्रीच्या लंकेशाला आम्ही नीट बघितलं होतं, पण तो कोण आहे तेच कळलं नव्हतं. सगळा अंधार, सगळा धूर, सोन्याची लंकासुद्धा काळी. आजी दोरी बघूनही हनुमानाला उडू देत होती, कारण दोरीच्या खाली कुणीतरी होतं. आमच्या भिंतीवर दोरी नव्हती आणि खालीही कुणी नव्हतं.

आता इथे मी लेख संपवला असता आणि संपादक मंडळाने छापलाही असता. पण खरी गोष्ट दुसरा पिक्चर संपल्यावर घडली.

प्रोजेक्टर बंद करता करता कुणीतरी म्हणालं, "चला, उद्या रावण जाळायला कोण कोण येऊन राहिलं?" सगळ्या हो हो म्हणाल्या. माझी रूममेट त्या रात्री मात्र शेवटपर्यंत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं नाही जाळत."

"मंग काय करता? पूजा?" एकीने हसून विचारलं.

"हो."

दोन सेकंद शांतता. आणि मग तेच झालं जे व्हायला नको होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे तुम्ही राक्षस पार्टी का बे?" हशा झाला. मोठा नाही, वाईट हेतूचाही नाही, होस्टेलमध्ये होतो तसाच. ती पण हसली. पण तिने चपला शोधायला जो वेळ लावला तो मी बघितला.

रूमवर आल्यावर मी तिला काही विचारलं नाही. दहा मिनिटांनी लाइट गेले, आणि अंधारात तीच बोलायला लागली. तुम्हाला माहीत असेलच, मेळघाटात कोरकू लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांची भाषा मराठीशी नात्याची नाहीच, ती मुंडा कुळातली. होळीच्या दिवसांत त्यांच्याकडे मेघनाथाची पूजा असते. हा मेघनाथ म्हणजे रावणाचाच मुलगा. एवढं मला जनरल नॉलेज म्हणून माहीत होतं. तिने जे सांगितलं ते माहीत नव्हतं.

आधी सातपुडा रिकामा होता. डोंगर, झाडं, पाणी सगळं, फक्त माणूस नाही. रावणाने ते पाहिलं आणि त्याला ते बरं वाटलं नाही. तो महादेवाकडे गेला आणि म्हणाला, इथे माणसं पाहिजेत. महादेवाने कावळ्याला धाडलं, लाल मातीचं वारूळ शोधायला. कावळ्याला ते सापडलं. महादेवाने त्या मातीचे दोन पुतळे केले, एक बाई आणि एक पुरुष. पण इंद्राने घोडे पाठवले, त्यांनी पुतळे तुडवून टाकले. महादेवाने परत केले. घोडे परत आले. असं होत राहिलं. शेवटी महादेवाने मातीचा कुत्रा केला आणि आधी त्याच्यात जीव घातला. कुत्रा भुंकला, घोडे पळाले. मग पुतळ्यांत जीव आला. तो मुला आणि ती मुलाई. कोरकू त्यांची लेकरं.

"आता सांग," ती म्हणाली, "ज्यानं आमच्यासाठी माणसं मागितली त्याले जाळाचं कसं?"

मी काही बोलले नाही. माझं रामायण कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतल्या इंग्लिश चित्रकथेतून आलेलं. त्यात रावण जांभळ्या शालीत, दहा तोंडं, पान बेचाळीसच्या आसपास मरतो. तिचा रावण रिकाम्या डोंगराकडे बघत उभा होता. कुठल्याही पिक्चरमध्ये हा शॉट मी पाहिलेला नाही.

नंतर लायब्ररीत शोधलं तेव्हा साधारण हीच कथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात छापलेली सापडली. म्हणजे 'लंका दहन' पडद्यावर यायच्या एक वर्ष आधी हा दुसरा रावण कागदावर उतरून बसला होता. मी ते पान झेरॉक्स करून तिला दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "बरोबर हाये. आमची आजी घोडे जास्त येळा आणते."

दिवाळीला अकोल्याला गेले तेव्हा हे सगळं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, त्यासाठी मेळघाटात कशाला जायला पाहिजे, आपल्या जिल्ह्यातच आहे की! पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे. तिथे काळ्या दगडाची रावणाची मूर्ती आहे, दहा तोंडांची, वीस हातांची. दसऱ्याला सगळीकडे पुतळे जळतात तेव्हा सांगोळ्यात त्याची पूजा होते. एका साधूची मूर्ती घडवायला सांगितली होती ती दशमुखी झाली, अशी तिथली आख्यायिका पेपरात येते. अकोल्यात अठरा वर्षं राहून हे गाव मला माहीत नव्हतं, अकोला-अमरावती रस्त्याचा २०२२ चा ७५ किलोमीटरचा गिनीज रेकॉर्ड मात्र तासा-मिनिटांसकट पाठ होता. एका रविवारी बाबांनी नेलं. आजीही आली, गुडघ्यांची तक्रार न करता. मूर्तीसमोर उभी राहून तिने आधी डोकी मोजली.

"एका लायनीत हायेत," असं म्हणून तिने नमस्कार केला.

परत होस्टेलला आल्यावर फोटो रूममेटला दाखवला. मागच्या बाकावरून ओरडणारी जी होती तिनेही तो बघितला. "ए, हा तर भारी आहे यार," एवढंच म्हणाली. सॉरी वगैरे काही नाही, आमच्या होस्टेलमध्ये ती पद्धत नाही. पण तिनेच मग सुचवलं की गॅदरिंगला दरवेळी तेच रेकॉर्ड डान्स होतात, त्याऐवजी हे बसवू. वारूळ, घोडे, कुत्रा, मुला-मुलाई. रूममेट आधी नाही म्हणाली. मग म्हणाली की घरी विचारून सांगते. आठवड्याने तिच्या घरून होकार आला, एका अटीवर: रावणाला काळा रंग फासायचा नाही आणि खोटे सुळे लावायचे नाहीत.

सध्या तयारी सुरू आहे. बजेट अकराशे रुपये, त्यातले चारशे घोड्यांवर चालले आहेत. मेकॅनिकलची एक मुलगी कुत्र्याची मान हलवायला सायकलची ब्रेक केबल लावते आहे. लाल माती मेळघाटातून एका पोत्यात येणार आहे, फक्त स्टेजवर ती आणायला रेक्टर मॅडमची परवानगी अजून मिळायची आहे. त्यांना भीती फरशीची. रावण कोण होणार यावरून दोघींत भांडण आहे. कावळा मात्र ठरला. तो कार्डबोर्डचा आहे, मागे काळा पडदा आणि वरून काळा धागा. धागा दिसेल का, असं सगळ्या विचारताहेत. मी आजीला आणणार आहे, पहिल्या रांगेत.